मातीचा बुरूज नवा दिसला म्हणून खोटा होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला आखाती किल्ल्यांवरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत, पण हे किल्ले म्हणजे टुरिस्टांसाठी कालपरवा उभारलेले सेट वाटतात असा शेरा लेखकाने जाता जाता मारलाय, तो काही पटला नाही. मी संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन शहरात नोकरीला आहे, सुट्टीला इथल्या अल जाहिली किल्ल्याकडे चक्कर होतेच, आणि तिथला चार थरांचा गोल बुरूज एकदम कोरा करकरीत दिसतो हे मान्यच. पण तो १८९० च्या दशकातला आहे, अबू धाबीचे तेव्हाचे राज्यकर्ते पहिले शेख झायद यांच्या काळातला. दगडी नाही हो, मातीचा! कच्च्या विटा, वरून मातीचा गिलावा, छताला खजुराच्या खोडांचे वासे. पाऊस इथे क्वचित, पण आला की गिलावा धुऊन नेतो, मग परत लिंपायचं, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. सारवलेलं अंगण ताजं दिसतं म्हणून आपण वाडा नवा ठरवतो का?

लिंपण थांबलं की काय होतं ते ओमानच्या बहला किल्ल्याचं बघा, १९८७ ला युनेस्कोच्या यादीत आला आणि पुढच्याच वर्षी धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेला कारण माती भराभर ढासळत होती. बाहेर यायला २००४ उजाडलं.

दुसरं म्हणजे अख्ख्या लेखात पाण्याचा उल्लेखच नाही. अहो, हे बुरूज मुळात पाण्यासाठी आहेत! डोंगराच्या पायथ्याचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारावर मैलोन् मैल आणायचं, त्याला फलज म्हणतात, अल ऐनची लाखाहून जास्त खजुराची झाडं त्यावरच वाढली. शत्रूने फलज बुजवला किंवा ऐन हंगामात खजूर लुटला की गाव संपलंच, मग बागेच्या कडेला, पाण्याच्या वाटेवर टेहळणी बुरूज. कित्येकांना दार जमिनीपासून चांगलं उंचावर, दोर टाकून चढायचं आणि दोर वर ओढून घ्यायचा. ओमानच्या ५ फलज २००६ मध्ये जागतिक वारसा झाल्या तेव्हा त्यांची राखण करणारे बुरूजही त्या वारशाचा भाग धरलेत, एवढं तरी लेखात यायला हवं होतं.

आणि सेट म्हणून नाक मुरडण्याआधी आपल्या मराठवाडा-विदर्भातल्या पांढऱ्या मातीच्या गढ्या आठवा. त्या अगदी ‘अस्सल जुन्या’ दिसतात, कारण कोणी लिंपतच नाही, पावसाने बुरूज खचतात आणि उरलेली माती लोक माळवदावर टाकायला घेऊन जातात. पुरवणीत एखादा लेख त्यांच्यावर द्या की, एखादी तरी गढी कोणी नीट सांभाळली असेल तर फोटोसकट.

जाता जाता, तिसऱ्या फोटोखाली अल जाहिली छापलंय पण तो ओमानमधला निझवाचा बुरूज आहे, १७ व्या शतकात इमाम सुलतान बिन सैफने बांधलेला, वरून शत्रूवर खजुराचा उकळता पाक ओतायचे तोच. एकच अवाढव्य गोल, थर वगैरे काही नाहीत. दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक वाचक, सध्या मुक्काम अल ऐन