प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर: आधी फॅक्टरी मेथड शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारा क्लासचा भाग) प्रायव्हेट, म्हणजे क्लासच्या आतूनच वापरता येणारा, असेल तर ऑब्जेक्ट कसा करायचा, असे विद्यार्थ्याने विचारले की बहुतेक ठिकाणी थेट रिफ्लेक्शन, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना क्लासच्या झाकलेल्या भागांपर्यंत पोचण्याची सोय, दाखवतात. हा क्रम उलटा आहे. कन्स्ट्रक्टर मुद्दाम झाकलेला असतो, म्हणून आधी त्याच क्लासमध्ये ऑफ, व्हॅल्यूऑफ, गेटइन्स्टन्स अशी ऑब्जेक्ट करून देणारी स्टॅटिक मेथड, म्हणजेच फॅक्टरी मेथड, किंवा टप्प्याटप्प्याने ऑब्जेक्ट घडवणारा बिल्डर शोधायला शिकवावे.

जावातला लोकलडेट हा तारखेचा क्लास घ्या. ऑफ मेथडला २०२३, २, ३० दिले की डेटटाइमएक्सेप्शन येते. ही तपासणी मेथडमध्ये आहे. आतला प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर काहीच तपासत नाही. जावा ८मध्ये रिफ्लेक्शनने तो गाठला तर ३० फेब्रुवारी ही तारीख बिनबोभाट तयार होते आणि चूक उघडी पडते ती भलत्याच ठिकाणी, पुढच्या हिशेबात. सिंगलटनचेही तेच: एकच हवा असलेला ऑब्जेक्ट दुसऱ्यांदा तयार होतो. ईनम (ठरावीक मूल्यांचा टाइप) मात्र रिफ्लेक्शनला दाद देत नाही.

फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांना रिफ्लेक्शन लागतेच, तेव्हा ते नीट शिकवावे. गेटकन्स्ट्रक्टरला फक्त पब्लिक कन्स्ट्रक्टर दिसतात. इथे गेटडिक्लेअर्डकन्स्ट्रक्टर हवे, आणि पॅरामीटरचे टाइप तंतोतंत. इंट.क्लासऐवजी इंटीजर.क्लास दिले तर नोसचमेथडएक्सेप्शन. मग सेटअ‍ॅक्सेसिबल ट्रू करून न्यूइन्स्टन्स. कन्स्ट्रक्टरच्या आत काही बिघडले तर हाती इन्व्होकेशनटार्गेटएक्सेप्शन येते. खरे कारण गेटकॉजमध्ये असते, आणि तिथे फारसे कोणी पाहत नाही. जावा १६पासून जावाच्या स्वतःच्या क्लासेसवर सेटअ‍ॅक्सेसिबलच नाकारले जाते. अ‍ॅड-ओपन्स पर्यायाने वाट काढता येते, पण तो प्रत्येक वेळी प्रोग्रॅम सुरू करताना द्यावा लागतो.

सी शार्पमध्ये काय शोधायचे ते सांगणाऱ्या बाइंडिंगफ्लॅग्जपैकी नॉनपब्लिकसोबत इन्स्टन्सही द्यावा लागतो. तो विसरला तर गेटकन्स्ट्रक्टर एरर न देता नल परत करते. सी प्लस प्लसमध्ये मेक_शेअर्ड (ऑब्जेक्ट बनवून तो सांभाळणारा शेअर्ड_पॉइंटर देणारे फंक्शन) अडते, कारण ऑब्जेक्ट लायब्ररीचे फंक्शन बनवते आणि त्याला प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर वापरता येत नाही. क्लासच्याच स्टॅटिक फंक्शनमध्ये न्यू करून शेअर्ड_पॉइंटरच्या हवाली करावे.

केवळ टेस्टसाठी दार हवे असेल तर रिफ्लेक्शन नकोच. जावात कन्स्ट्रक्टरवरचा प्रायव्हेट शब्द काढून तो पॅकेजपुरता ठेवावा आणि टेस्ट त्याच पॅकेजमध्ये लिहावी. सी शार्पमध्ये तो इंटर्नल, म्हणजे असेंब्लीपुरता (प्रोजेक्टमधून तयार होणाऱ्या फाइलपुरता), करून इंटर्नल्सव्हिजिबलटूमध्ये टेस्ट प्रोजेक्टच्या असेंब्लीचे नाव द्यावे.

आपला,
एक वाचक