घरकुलाच्या पैशाचा तक्ता करून देणाऱ्या अभियंता मॅडमना

आदरणीय अभियंता मॅडम,

स. न. वि. वि.

तुमची नेमणूक दुसऱ्या तालुक्यात झाली, हार-नारळ झाला, फोटो झाले. पण आभार नेमके कशाचे, ते त्या गडबडीत कोणी नीट बोललेच नाही. ते या पत्रात लिहितो आहोत. पत्र जाहीर ठेवले आहे, कारण घरकुलांची मंजुरी अजून गावोगाव निघते आहे आणि तुम्ही आम्हाला जे शिकवले ते तिथल्या सरपंच, ग्रामरोजगार सेवक आणि लाभार्थ्यांच्याही कामाचे आहे.

सगळ्यात आधी आभार त्या तक्त्याचे. घरकुलाला 'एक लाख वीस हजार मिळतात' एवढेच गावाला माहीत असते. तुम्ही कागदावर तीन रकाने आखले: पैसा कोणत्या योजनेतला, तो कशावर खर्चता येतो, आणि कधी मागायचा. तिसरा रकाना कुठल्याच परिपत्रकात असा वेगळा काढून दिलेला नसतो. बहुतेक घरकुले अडतात ती तिथेच.

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणचे १ लाख २० हजार (डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार) केंद्र आणि राज्य ६०:४० वाट्याने देतात. ही रक्कम घराच्या टप्प्यांशी बांधलेली आहे. मंजुरीआधी लाभार्थ्याचा फोटो आताच्या कच्च्या घरासमोर आणि नियोजित जागेवर जिओ-टॅग करून (म्हणजे फोटोसोबत जागेचे नेमके ठिकाण नोंदवून) चढवायचा. मग पहिला हप्ता. पुढचे हप्ते जोते, छत अशा टप्प्यांचे फोटो चढल्यावर. सुरुवातीचा फोटो ज्या जागेवर काढला, त्याच जागेवर घर उभे राहिले पाहिजे. भावाभावांत वाटणी बदलली आणि घर वाड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले, की पुढचा फोटो जुळत नाही आणि हप्ता थांबतो. म्हणून जिओ-टॅगिंगच्या आधी चारही कोपऱ्यांना खुंट्या मारून भाऊबंदांच्या समोर जागा ठरवून घ्यायची, हा तुमचा आग्रह. तेव्हा तो आम्हाला जाच वाटायचा, हे कबूल.

मंजुरीपत्र घरातल्या बाईच्या एकटीच्या नावे किंवा पती-पत्नींच्या संयुक्त नावे निघते, आणि जागा बहुधा सासऱ्यांच्या नावे असते. नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीचा) उतारा आणि सासऱ्यांचे संमतीपत्र आधीच जोडून ठेवले, तर पुढे कोणी बोट दाखवत नाही. 'ड' यादीत (घरकुलासाठी पाहणी करून केलेल्या यादीत) नाव आले म्हणजे घर मिळालेच, हा गैरसमजही तुम्ही ग्रामसभेत उभे राहून दूर केलात. पूर्वी अपात्रतेचे १३ निकष होते, आता १० आहेत. फ्रिज, दुचाकी, लँडलाइन गेले. पण अडीच एकर बागायत, पाच एकर कोरडवाहू, पन्नास हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड हे निकष अजून आहेत. किसान कार्डाचा निकष लोक विसरतात. सोसायटीने मर्यादा वाढवून दिली तेव्हा आनंदाने सही केलेली असते.

तक्त्यातली दुसरी ओळ रोजगार हमी योजनेची (रोहयो). घरकुलाला ९० दिवसांची अकुशल मजुरी (डोंगराळ भागात ९५ दिवसांची) वेगळी मिळते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ही रक्कम २८,०८० रुपये होते. घरकुलात सर्वात जास्त बुडणारा पैसा हाच, आणि त्याचे कारण साधे आहे: मस्टर, म्हणजे मजुरांचे हजेरीपत्रक, मागील तारखेने निघत नाही. लोक घर बांधून पूर्ण करतात आणि मग मजुरी मागतात. तोपर्यंत ऑनलाइन प्रणालीत घर 'पूर्ण' झालेले असते, आणि पूर्ण कामावर मस्टर काढायचे कसे? तुमची शिस्त अशी होती की पाया खोदायच्या आठवडाभर आधी जॉबकार्ड तपासायचे, कामाची मागणी नमुना ४ मध्ये लेखी द्यायची, ग्रामरोजगार सेवकाकडून पोच घ्यायची आणि पहिले मस्टर पाया खोदण्याच्या आठवड्याचेच काढायचे. शिवाय हे दिवस कुटुंबाच्या वर्षाच्या हमीच्या दिवसांतच मोजले जातात. त्याच वर्षी विहिरीवर किंवा रस्त्यावर बरेच दिवस भरले असतील, तर हिशेब आधीच बघावा लागतो. गवंड्याची मजुरी यात बसत नाही. हा पैसा फक्त खोदाई, भराव, माल वाहणे, पाणी मारणे या कामांचा.

बँक खात्याचेही सांगितले पाहिजे. रोहयोची मजुरी १ जानेवारी २०२४ पासून आधारशी जोडलेल्या खात्यातच जाते, आणि आधार शेवटचे ज्या बँकेला जोडले त्या बँकेत ती पडते. पासबुकाची झेरॉक्स कुठल्याही बँकेची द्या, त्याने फरक पडत नाही. मोबाइलचे सिम घेताना दुकानात अंगठा देऊन उघडले गेलेले पेमेंट बँकेचे खाते बऱ्याच जणींना माहीतही नसते, आणि मजुरी तिथे जाऊन बसलेली असते. 'पैसे आले नाहीत' अशी तक्रार आली की अर्ज लिहायच्या आधी आधार कोणत्या बँकेला जोडले आहे ते बघा, ही तुमची पद्धत आता आमच्या ग्रामपंचायतीत रुळली आहे.

शौचालयाचे १२ हजार स्वच्छ भारत मिशनचे. कुटुंबाने पूर्वी कधी हा लाभ घेतला असेल तर दुसऱ्यांदा मिळत नाही, आणि शौचालयाशिवाय घर पूर्ण धरत नाहीत. म्हणजे जुन्या लाभार्थ्याने हा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरायला हवा. पाच ब्रास वाळू मोफत आहे, पण वाहतूक आपली. ओढा लांब असेल तर फुकटची वाळूही फुकट राहत नाही. २०२५ मध्ये राज्याने आणखी पन्नास हजारांची भर घातली, त्यातले ३५ हजार घरासाठी आणि १५ हजार छतावरच्या सोलारसाठी. सोलारचे पैसे सोलारलाच लागतात. ते मिळतील म्हणून स्लॅब वाढवायचा नाही.

ज्यांना जागाच नाही, त्यांच्यासाठी तुम्ही केलेली धावपळ गाव विसरणार नाही. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत पूर्वी पन्नास हजार मिळायचे, आता एक लाखापर्यंत मिळतात. अडचण असायची खरेदीखताची. इतका लहान तुकडा तुकडेबंदी कायद्यात बसत नाही आणि दुय्यम निबंधक दस्त परत करतात. घरकुलासाठी मर्यादित जागेला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने सूट मिळते, हे आम्हाला तुमच्याकडून कळले. त्यातला क्रम महत्त्वाचा: आधी लाभार्थी असल्याचा दाखला, मग परवानगी, मग दस्त. इसार देऊन बसलेल्या माणसाने हा क्रम उलटा केला की इसार अडकतो.

आता बांधकामाकडे. किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. योजनेत ठेकेदार चालत नाही. घर लाभार्थ्यानेच बांधायचे. त्यामुळे नकाशाही त्याच्याच हातात असतो आणि मोह तिथेच होतो. 'एकदाच बांधायचे आहे' म्हणून सहाशे फुटांचे जोते घालणाऱ्याचे घर लिंटेलवर (दारा-खिडक्यांच्या वरच्या पट्टीवर) थांबते, सळया गंजत उभ्या राहतात आणि छताचा हप्ता कधी येतच नाही. तुम्ही काढून दिलेला नकाशा आतून १५ बाय १९ फुटांचा होता. मधली नऊ इंची भिंत वजा जाऊनही २७३ फूट उरतात, आणि त्या भिंतीमुळे स्लॅबला पंधरा फुटांचा गाळा पेलावा लागत नाही. पाच इंची स्लॅबला बाहेरच्या मापाने साधारण चार घनमीटर काँक्रीट, एम-२० प्रतीच्या काँक्रीटला ३२ गोणी सिमेंट. हा आकडा आधी माहीत असला की दुकानदाराकडून पन्नास गोणी उचलून उरलेल्या पावसात दगड होत नाहीत.

काळ्या मातीचे तर तुम्ही अक्षरशः घमेले हातात घेऊन दाखवलेत. पाया खोदताना निघालेली माती जोत्यात परत टाकणे सगळ्यात सोपे आणि फुकट. पण काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. दोन पावसाळ्यांत फरशी मधोमध उचलते आणि कोपऱ्यांतून तिरक्या चिरा वर चढतात. मुरूम लागेपर्यंत खोदायचे, जोते मुरमाने भरायचे, सहा-सहा इंचांचा थर पाणी मारून धुम्मस करायचा. थर ओला करण्याचे आणि चोपण्याचे हे काम रोहयोच्या मजुरीत बसते, म्हणजे इथे काटकसर करायला कारणही उरत नाही. स्लॅबखालचे टेकू चौदा दिवस हलवायचे नाहीत. सेंट्रिंगवाला सातव्या दिवशी दारात येतो, कारण त्याला प्लेट पुढच्या घरावर लावायच्या असतात. त्याच्याशी भाडे ठरवतानाच चौदा दिवसांचे बोलून घ्यायचे.

ग्रामपंचायत म्हणून आमचे खास आभार पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीबद्दल. हा निधी थेट गावाला यायचा, जिल्ह्याच्या वाट्यातला ८० टक्के ग्रामपंचायतींना, म्हणून 'त्यातून गरिबाच्या घराला थोडी भर घालू' असा ठराव दर ग्रामसभेत कोणी ना कोणी मांडायचा. तुम्ही प्रत्येक वेळी शांतपणे नाही म्हणालात आणि लगेच काय करता येईल ते सांगितलेत. २०२१ ते २०२६ या काळात त्या निधीचा ६० टक्के भाग बंधित (ठरावीक कामांपुरताच) असायचा: निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. ४० टक्के अबंधित भाग गावाच्या सामाईक गरजांसाठी. पगार आणि आस्थापनेवर तोही चालत नसे. एका कुटुंबाच्या भिंतींवर हा पैसा टाकला तर लेखापरीक्षणात वसुली सरपंच आणि ग्रामसेवकाच्या नावावर लागते. पण दहा घरकुले एका ओळीत असतील, तर त्यांच्यामागची सांडपाण्याची गटार आणि शोषखड्डे बंधित स्वच्छता निधीतून, नळाची जोडवाहिनी बंधित पाणी निधीतून, आणि पुढचा रस्ता व दिवे अबंधितमधून होतात. घराला एक रुपयाही न देता घराची किंमत वाढते. अट एवढीच की काम त्या वर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात असले पाहिजे आणि ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या संकेतस्थळावर चढलेले असले पाहिजे. आराखड्यात नसलेल्या कामाचे देयक निघत नाही, मग ते कितीही चांगले असो. म्हणून घरकुलाच्या मंजुरीची यादी आली की आराखड्याच्या ग्रामसभेपर्यंत थांबायचे नाही. त्याच आठवड्यात ओळी कुठे पडतात ते बघून गटारीचे अंदाजपत्रक करायला घ्यायचे.

तक्ता अजून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. नव्या साहेबांनी त्यात दोन ओळी वाढवल्या, वाळूच्या पासाची आणि सोलारच्या १५ हजारांची. त्याची प्रत सोबत जोडली आहे, नव्या तालुक्यात उपयोगी पडेल. तिकडची जमीन मुरमाड असेल तर पायाच्या खोलीचा आकडा मात्र बदलून घ्या. आमचा काळ्या रानाचा आहे.

आपले नम्र,
घरकुल लाभार्थी, ग्रामरोजगार सेवक व ग्रामपंचायत सदस्य