छोटूला दिलेली रोपं

प्रिय बंड्या,

आठ महिने झाले आपण बोललो नाही. मी तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवून दिला. फोनवर तू मधेच तोडशील, मग मीही आवाज चढवीन आणि सांगायचं ते राहूनच जाईल. म्हणून पत्र. तब्येत बरी आहे, कंबर अधूनमधून धरते एवढंच. अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. आता त्यांना भिंतीवरची जळमटं दिसायला लागलीत आणि सगळं घर कामाला लागलंय.

आता खरं कारण. परवा प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला, माझ्या स्ट्रॉबेरीवरच्या करड्या बुरशीचा. तो वाचून मला पहिल्यांदा तूच आठवलास, कारण ह्या कागदाचा अर्थ एका ओळीत समजणारं माझ्या आयुष्यात दुसरं कुणी नाही. घरी सांगितलं तर "मग दुसरं औषध मारा" म्हणाले. तसं असतं तर हे पत्र लिहिलंच नसतं.

गेल्या महिन्यात फुलं भरात असताना सलग चार दिवस ढग राहिले. पानं दुपारपर्यंत ओली. मी वेळेवर फवारलं, पूर्ण डोसनं फवारलं, पानाच्या खालून-वरून फवारलं. तरी तीनेक आठवड्यांनी तोडणीत एकेक फळ देठाकडून तपकिरी यायला लागलं. एक फळ मी मुद्दाम ओल्या कागदावर डब्यात झाकून ठेवलं. सकाळी झाकण काढलं तर देठाच्या पाकळ्यांखालून राखाडी लव वर आलेली, आणि तिच्यातच फुलाची एक वाळकी पाकळी चिकटलेली. बोटानं टिचकी मारली तर धूर उडाला. धूरच, बंड्या. तुला आठवतं ना, बुरशी फळावर दिसते पण शिरलेली असते फुलातून? सर सांगायचे ते. फूल उमललं, पाकळी ओली राहिली, तिथून ती आत गेली आणि फळ पिकून गोड होईपर्यंत गप्प बसून राहिली. आपण फळाकडे बघत बसतो आणि चोरी महिनाभर आधीच झालेली असते.

ह्यावरून तुझी ती आकृती आठवली. प्रॅक्टिकलच्या वहीत तू बॉट्रायटिस, म्हणजे हीच करडी बुरशी, काढलास तो हुबेहूब द्राक्षांचा घड, आणि सरांनी लाल शाईनं लिहिलं, "फळं पुढच्या वर्षी, आधी बुरशी." सगळा वर्ग हसला होता. पुढे कळलं की बॉट्रायटिस हे नावच मुळी द्राक्षाच्या घडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलंय. तो अर्धा मार्क तुझाच होता, सरांनी द्यायलाच हवा होता.

तर रिपोर्ट. मी दहा फळांवरची लव कापसाच्या काडीवर घेऊन पाठवली होती. त्यांनी एकेका बुरशीनाशकाचं माध्यम भरलेल्या प्लेटवर बीजाणू लावले आणि चार दिवसांनी वाढ मोजली. डब्यावरचा नंबर म्हणजे औषधाचा गट, ते बुरशीवर कुठे घाव घालतं त्यावरून पडलेला. ११ नंबरवर, म्हणजे स्ट्रॉबिल्युरिनवर, दहाच्या दहा वाढले. १ नंबरवर दहाच्या दहा. ७ वर, म्हणजे बॉस्कॅलिडवर, आठ. १७ वर, म्हणजे फेनहेक्झामिडवर, पाच. ९ वर चार. फक्त १२ वर, फ्लुडिऑक्सोनिलवर, प्लेट कोरी राहिली. मी तो कागद दोनदा वाचला आणि पंपाच्या टाकीवर बसून राहिलो.

पहिल्या वर्षी तू माझ्यावर भडकला होतास ते बरोबर होतं, हे आज लिहून देतो. तीन डबे, तीन नावं, तीन रंग, आणि तिन्हींवर बारीक अक्षरात ११. अ‍ॅझॉक्सिस्ट्रॉबिन, पायराक्लोस्ट्रॉबिन, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रॉबिन. नावं तीन, आडनाव एकच. मी समजत होतो की औषध बदलतोय. तू डबा माझ्या नाकासमोर धरून विचारलंस, "नंबर वाच. फ्रॅकनं, औषधांचे गट पाडणाऱ्या समितीनं, हे नंबर शोभेला दिलेत का?" मला राग आला होता, कारण तुझ्या धाकट्या भावासमोर, छोटूसमोर, तू मला बोललास.

पण त्यानंतर मी सुधारलो होतो, आणि ते मात्र तुला माहीत नाही. गेले दोन हंगाम मी ११, मग ७, मग १७ अशी पाळी लावली. एक नंबर लागोपाठ दोनदा कधी नाही. वहीत तारखा आहेत, येशील तेव्हा बघ. आणि तरीही हे झालं. का झालं ते मला रिपोर्टसोबतच्या टिपेत दोन ओळी वाचल्यावर समजलं आणि अंगावर काटा आला. माझ्या रानातली बुरशी एकेका औषधाला वेगवेगळी सरावलेली नाही. बुरशीच्या एकाच स्ट्रेनमध्ये, एकाच वंशात, ११ चा, १ चा आणि ७ चा प्रतिकार एकत्र येऊन बसलाय. अशी स्ट्रेन मी ११ मारलं तरी वाचते आणि ७ मारलं तरी वाचते. म्हणजे पाळी बदलून मी तिला अडवत नव्हतो, दर फवारणीला तिलाच निवडत होतो, कधी ह्या दारातून तर कधी त्या. पाळी लावायची ती प्रतिकार यायच्या आधी. आल्यावर काय उरलंय ते प्लेटवर बघितल्याशिवाय लावलेली पाळी ही नुसती मनाची समजूत.

डोस वाढवावा असंही क्षणभर मनात आलं. मग आठवलं. ११ नंबर बुरशीच्या ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतो, त्यात १४३व्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅलॅनिन आलं की स्ट्रॉबिल्युरिनला बसायला जागाच उरत नाही. दुप्पट घाला, चौपट घाला, खिळाच निघालाय तिथे टोपी टांगता येत नाही. आणि हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. पाइनच्या शंकूंवर उगवणाऱ्या इवल्याशा अळंबीनं दुसऱ्या बुरशांना दूर ठेवायला बनवलेलं रसायन, त्यावरून माणसानं औषध केलं, १९९६ साली बाजारात आलं, आणि १९९८ मध्ये जर्मनीत गव्हाच्या भुरीनं त्याला दाद देणं बंद केलं. दोन वर्षं! सर हे सांगताना खडू खाली ठेवायचे. १ नंबरच्या बेनोमिलचंही तेच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सगळीकडे त्याचा जयजयकार, आणि थोड्याच वर्षांत करडी बुरशी त्याच्यातून आरामात चालायला लागली. आपण हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले, बंड्या. मी तर पुरवणी घेऊन लिहिलं होतं.

आता जे सांगायला बसलोय ते. गेल्या उन्हाळ्यात मी घरचे रनर, म्हणजे झाडाला फुटणारे लांब धुमारे, धरून रोपं केली. मातृरोपं माझ्याच रानातली. त्यातली बाराशे रोपं छोटूला दिली.

तू त्याला ह्या स्ट्रॉबेरीच्या फंदात पडू नको म्हणून सांगत होतास, आणि मी तुझ्यासमोर म्हणालो होतो, "त्याची जबाबदारी माझी." तू उठून गेलास. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी मला थांबवलंही नाही आणि तुला हाकही मारली नाही. त्यानंतर आपण बोललो नाही. आणि आता बघ, मी जबाबदारी घेतली आणि त्याच्या रानात काय पाठवलं. रोपाच्या जुन्या पानावर ही बुरशी काही न दाखवता येते. रोपवाटिकेत जी औषधं मारली त्यांना सरावलेली तीच पुढे रानात जाते. तिथे पान मरतं, ती जागी होते आणि पहिल्या फुलाची वाट बघते. फ्लोरिडात २०१७ नंतर ती निओपेस्टॅलोशिऑप्सिस नावाची नवी पानं-फळं कुजवणारी बुरशी पसरली, तीही रोपांबरोबरच रानोरान पोचली. मी ते वाचलं होतं. वाचून "बिचारे" म्हणालो होतो. माझी रोपंही कुणाच्या तरी रानात तशीच जाणार, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

वाऱ्यानं आली असेल, असं मी स्वतःला दोन रात्री सांगून बघितलं. बीजाणू हवेतून येतातच, आजूबाजूला सगळेच ११ मारतात. खरंही असेल. पण मी बाहेरून आणलेल्या रोपांची गादी, म्हणजे वाफा, आणि घरच्या रोपांची गादी वेगळी ठेवली होती, आणि नमुन्यातली सात फळं घरच्या गादीवरची निघाली. दहा फळांवरून काही सिद्ध होत नाही, हे तू म्हणशील. म्हण. पण छोटूला मी "आकडे कमी आहेत" असं सांगायला जाणार नाही.

एक बरं झालं. करप्याची, खोड कुजवणाऱ्या रोगाची, धास्ती होती म्हणून दहा झाडं उपटली आणि खोड उभं चिरून बघितलं. लालसर तपकिरी डाग कुठेही नाही, आतून पांढरं, कडक, कापताना कच्च्या बटाट्यासारखा आवाज. खोडकूज नाही. म्हणजे रोपं मरणार नाहीत, प्रश्न फळाचा आहे, आणि फळाचं अजून सावरता येतं.

छोटूची फुलं आत्ता उमलतायत. तीन दिवसांनी पाऊस सांगितलाय. तो पावसाआधी ११ मारणार, कारण मीच त्याला तसं वेळापत्रक लिहून दिलंय, माझ्या अक्षरात, त्याच्या शेडच्या दारावर चिकटवलेलं. ते उद्या मला माझ्या हातानं काढायचंय.

काय सांगायचं ते ठरवलंय. पावसाआधी कॅप्टन. साधं, जुनं, स्पर्शजन्य. ते बुरशीच्या एकाच जागी घाव घालत नाही, अनेक ठिकाणी एकदम घालतं, म्हणून इतकी दशकं वापरूनही ते टिकून आहे. आत शिरलेल्याला ते काढत नाही, म्हणून ते आधी पोचलं पाहिजे, पाऊस पडल्यावर नाही. १२ नंबर राखून ठेवायचा, तोही एकटा नाही, कॅप्टनबरोबर, आणि फक्त फुलं भरात असून ओल लांबणार असेल तेव्हाच. आठवडा झाला म्हणून पंप पाठीवर घ्यायचा हे बंद. पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान किती होतं, ह्यावर फवारणी. फ्लोरिडातले शेतकरी असा इशारा बघून फवारतात, तर त्यांच्या चाचण्यांत जवळजवळ निम्म्या फवारण्या वाचल्या आणि फळ कमी झालं नाही. फवारण्या कमी म्हणजे निवडही कमी, माझ्या लेखी खरा फायदा हाच.

आणि औषधाआधीचं जे काम मी गेली दोन वर्षं मजुरांवर टाकून दिलं होतं, ते. जुनी, वाळकी पानं काढून रानाबाहेर न्यायची, सरीत टाकायची नाहीत. सडकं फळ वेगळ्या बादलीत, आणि ते तोडणारे हात वेगळे. दाट झालेली गादी विरळ करायची म्हणजे वारा खेळेल. भुरीला पाणी लागत नाही, तिचा हिशेब वेगळा, पण करड्या बुरशीला ओल मिळाली नाही तर तिचं अर्धं बळ जातं. कुजकं फळ झाडावर ठेवून वरून औषध मारणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

रोपं पुढच्या वर्षी मी कुणालाही देणार नाही. अजून दोघांना दिली होती, त्यांच्याकडे काल जाऊन आलो. एकानं ऐकून घेतलं आणि विचार करतो म्हणाला. दुसरा एक शब्दही न बोलता आत गेला, मग बाहेर आला आणि माझ्याबरोबर गाद्या बघत फिरला. छोटूकडे मात्र पाय उचलत नाहीत. त्याच्यासमोर मी चुकलो म्हणायला मला लाज वाटत नाही, तो मला "दादा" म्हणून मिठी मारेल आणि "होईल नीट" म्हणेल, त्याची भीती वाटते. तो रागावला असता तर सोपं होतं. रागवायचं सगळं तुझ्याच वाट्याला आलंय तुमच्या घरात.

तुझं कसं चाललंय? बदलीचं काय झालं? चिमणीला सायन्स घ्यायचं होतं ना, मिळालं का? वहिनींना नमस्कार सांग. काकूंच्या गुडघ्याचं मी छोटूकडून ऐकतो, तुझ्याकडून ऐकायला आवडेल. घाईत विचारतोय असं समजू नकोस, डोक्यात आत्ता दुसरं काही मावत नाही.

एक मागणं आहे. हे वाचून तू छोटूला लगेच फोन करशील, मला माहीत आहे. करू नकोस. पत्र पोचेपर्यंत मी त्याला भेटलेलो असेन, पण नसलो तरी आधी मला सांगू दे. उद्या दव सुकल्यावर जाणार आहे, ओल्या रानातून फिरून आणखी पसरवायला नको. चपला घरच्या रानातल्या नाहीत, दुसऱ्या घेतल्यात. पिशवीत कापसाच्या काड्या आहेत, त्याच्या फळांचेही नमुने घेईन आणि पाठवीन. रिपोर्ट आला की त्याची प्रत तुला. तो तू वाच आणि मला काय ते सांग, हव्या त्या आवाजात.

तुझा,
राजा

ता. क. १२ नंबर छोटूच्या रानात ह्या हंगामात एकदा की दोनदा? मी एकदाच म्हणतोय. माझ्याकडे प्लेट कोरी राहिली म्हणून त्याच्याकडेही राहील असं धरवत नाही. तुझं मत लवकर कळव.