ख्रिसमस ट्रीवरच्या बर्फाबद्दल सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार. नाताळ जवळ आला, घरोघरी ट्री सजायला लागलेत. नागपुरातल्या सदर भागाच्या बाजारातून कृत्रिम बर्फ आणणाऱ्यांनी एवढं नक्की वाचा.

स्प्रेच्या डब्यातला गॅस पेट घेतो. नागपूरच्या थंडीत आपण दारं-खिडक्या लावून बसतो, म्हणून स्प्रे दिवसा गॅलरीत मारा. जवळ मेणबत्ती, उदबत्ती, पेटती शेगडी नको. आधी बर्फ, तो पूर्ण वाळू द्या, मगच लाइटची माळ. उलट क्रम कृपया करू नका.

पाणी घातल्यावर फुगणारी पांढरी पावडर म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, बाळाच्या डायपरमध्ये असतं तेच. ओली पावडर फरशीवर पडली की पाय घसरतो. आजी-आजोबा असलेल्या घरी जास्त सांभाळा. लहान मुलं आणि मांजरांच्या तोंडी जाऊ देऊ नका. सण संपल्यावर ती मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतायची नाही, पाइप तुंबतो. वाळवून, झाडून कचऱ्यात टाका.

विदर्भात कापसाला तोटा नाही, त्यामुळे बरेच जण तोच पसरतात. दिसतो सुंदर, पण ठिणगी पडली तर क्षणात भडकतो. माळेच्या वायरीला तो चिकटू देऊ नका आणि झोपताना प्लग काढाच.