चपलेला नंबर लावणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

नाव मुद्दाम लिहीत नाहीये. तुम्हीच फोनवर म्हणालात ना, ताई लिहायचंच असेल तर क्लबबद्दल लिहा, माझं कशाला. बरं. पण पत्र तुम्हालाच आहे, क्लबने वाचलं तर वाचू दे.

परवा तुमच्या लायन्स क्लबच्या बुलेटिनची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली. तुमचं वर्ष 30 जूनला संपतं म्हणे, त्यामुळे यावेळी वर्षभराचा हिशोब होता त्यात. जुलै वृक्षारोपण, ऑगस्ट रक्तदान, नोव्हेंबर मधुमेह तपासणी, असं करत करत जानेवारीला आले तर एक ओळ, "मोफत मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर, मिरज, 23 रुग्ण". बास. पुढच्या ओळीत लगेच शाळेला पाण्याची टाकी. मी ती ओळ चार वेळा वाचली. त्या 23 मधली एक माझी आई आहे आणि त्या ओळीत चपला कुठेच नाहीत, म्हणून हे पत्र.

तुम्ही म्हणाल कसल्या चपला. तुम्हाला आठवतही नसेल, सांगते.

आधी आईचं थोडं सांगायला पाहिजे. आमचं गाव कवठेमहांकाळ तालुक्यात, वडील जाऊन नऊ वर्षं झाली, आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. तिकडच्या लोकांना सांगायला नको पण पुण्या-मुंबईच्यांसाठी सांगते, द्राक्षं वाळून बेदाणा झाला की तो पसरून बसायचं आणि काडी, काळा मणी, फुटका मणी बोटांनी बाजूला काढायचा, दिवसभर, पाठ मोडेपर्यंत. हे काम हाताचं वाटतं पण ते सगळं डोळ्याचं काम आहे. आईच्या पाटीत काड्या राहायला लागल्या. मुकादमाने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तिला निवडण्यावरून काढून झाडलोटीला लावलं. बारा वर्षं जिच्या पाटीला कुणी नाव ठेवलं नाही तिला झाडू दिला, आणि आईने हे मला सांगितलंच नाही. शेजारच्या काकूंकडून कळलं. मला फोनवर म्हणायची, सगळं झ्याक हाय, तू तुझं बघ.

मग सुरू झाली आमची वारी. पहिलं एका नेत्याच्या वाढदिवसाचं शिबिर. बॅनरवर एवढी तोंडं की शिबिर कशाचं आहे ते वाचायला खाली वाकायला लागत होतं. आईला दोन तास उन्हात बसवलं, एकाने बॅटरी मारून बघितलं, एक काळा गॉगल दिला, गॉगल घालून फोटो काढला आणि ऑपरेशनचं फोनवर कळवू म्हणाले. फोटो पेपरला आला. फोन अजून यायचाय! दीड वर्ष झालं, गॉगल तुटलासुद्धा.

नंतर मी रजा काढून तिला एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरच्या आधी एक मुलगी भेटली, तिने समोर लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवलं, ही लेन्स एवढ्याला, ही फोल्डेबल एवढ्याला, ही इम्पोर्टेड एवढ्याला. अगदी साड्यांच्या दुकानात बसल्यासारखं. मी हिशोब करत होते, खोटं कशाला बोलू, इएमआय होतो का तेही विचारलं. तेवढ्यात आई उठून बाहेर रिक्षात जाऊन बसलेली. म्हणाली माझ्या डोळ्याचा भाव नको करूस.

आणि घरचे! घरचे तर काय, "पिकू दे की अजून, पिकला की काढू". मोतीबिंदू म्हणजे काय पाडाचा आंबा आहे का? मिरजेच्या सिस्टरने नंतर मला नीट झापलं, म्हणाली हे पिकायचं वगैरे जुन्या काळचं झालं, आता थांबायची गरज नसते, उलट फार पिकवून आणला तर ऑपरेशन अवघड होतं आणि एखाद्याच्या डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूचं दुखणं मागे लागतं. हे मला आमच्या घरातल्या त्या सगळ्या शहाण्यांना ऐकवायचं होतं जे सल्ला द्यायला पहिले आणि सोबत यायला कुणीच नव्हते. ऐकवलं आता.

तुमच्या शिबिराला तिला पाठवलं तेव्हा खरं सांगते माझा विश्वास नव्हता. क्लब म्हटलं की मला कोट, छातीवर बिल्ले, हॉटेलात जेवण आणि एकमेकांना शाली एवढंच आठवायचं. आई म्हणाली जाते, जाऊन जाऊन काय जाईल, एक दिवस जाईल. पहिल्या रविवारी तपासणी झाली, शुगर बीपी बघितलं, तारीख दिली, आणि त्या तारखेला खरंच गाडी आली! आमच्यासाठी एवढंच आक्रीत होतं की दिलेल्या तारखेला कुणीतरी आलं.

त्या दिवशी मी यायला हवं होतं. ऑफिसात ऑडिट चालू होतं, हाफ डे मिळाला, स्वारगेटवरून बस पकडली ती कराडच्या पुढे अर्धा तास अडकली, मिरजेत पोचले तर संध्याकाळचे सहा वाजून गेलेले. धावत वर गेले. लांब पॅसेज, त्याच्या त्या टोकाला बाकड्यावर आई बसलेली, एका डोळ्याला हिरवी पट्टी, दुसरा डोळाही तसा निम्माच, पाय खाली सोडून चपला चाचपडतेय. आणि तिच्यासमोर पांढऱ्या केसांचा एक माणूस उकिडवा बसलाय, हातात तिच्या चपला. त्याने त्या फिरवून तिच्या पायाच्या दिशेने ठेवल्या आणि म्हणाला, "आक्का, उजवा पाय पुढं घ्या. हां. आता डावा. अंगठ्यात गेला का बघा बोट."

ते तुम्ही.

आणि मी काय केलं तर लांबूनच ओरडले, "ओ, सिस्टर कुठंयत इथल्या?" तुम्हाला वॉर्डबॉय समजले मी. तुम्ही उठून, गुडघ्यावर हात ठेवून जरा कष्टानेच उठलात, आणि शांतपणे सिस्टरची खोली दाखवलीत. तुम्ही क्लबचे माजी अध्यक्ष आहात हे मला गाडीच्या ड्रायव्हरने रात्री सांगितलं. त्यासाठी माफी मागायची राहिली होती ती आज मागते. आणि वॉर्डबॉय असतात तरी त्या सुरात बोलायचं मला काही कारण नव्हतं, हेही.

खरी गोष्ट मला आईने घरी गेल्यावर सांगितली. ऑपरेशनला आत जाताना सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. तेवीस जणांच्या चपलांचा ढीग, त्यातल्या निम्म्या सारख्याच, बाजारातल्या दीडशेवाल्या. बाहेर येणार सगळे पट्टी बांधून, कुणाची कुठली कशी कळणार? तर तुम्ही म्हणे आत गेलेल्या प्रत्येकाच्या कपाळावरच्या चिकटपट्टीवर जो नंबर लिहिला होता तोच नंबर चिकटपट्टीवर लिहून चपलांना लावलात आणि भिंतीला ओळीने मांडून ठेवल्यात. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या फॉर्मात तसा रकाना नव्हता. आईचा नंबर 14. तिच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला, तिने तांब्याच्या तारेने बांधलेला. तुम्ही ती तार आतल्या बाजूला वळवून ठेवलीत, टोचू नये म्हणून.

काका, आमच्याकडे परक्या पुरुषाने बाईच्या चपलेला हात लावायचा म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही त्याच मातीतले. आई दोन दिवस अस्वस्थ होती. "एवढ्या मोठ्या माणसानं माझ्या चपला उचलल्या गं, मला पाप लागंल." डोळा कसा आहे विचारलं की डोळ्याचं सोडून हेच. मी म्हटलं अगं दिसतंय का ते सांग आधी. तर म्हणाली, "दिसतंय की. तुझ्या घरात जळमटं किती हायत, कधी काढली न्हाईस व्हय?" लेन्स बसल्यावर पहिलं दर्शन आमच्या हडपसरच्या फ्लॅटमधल्या जळमटांना! मग आरशात बघून, "मी एवढी म्हातारी कधी झाले". मग खिडकीतून दिसणारी समोरची पाण्याची टाकी, ती निळी आहे हे तिला नव्याने कळलं.

थेंब, डोक्यावरून पाणी नाही, खाली वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, ते सगळे आठवडे निघाले कसेतरी, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शिव्या खाल्ल्या मी भरपूर एवढंच.

बुलेटिनमध्ये अजून एक गंमत सापडली. तुमच्यात टेल ट्विस्टर म्हणून एक पद असतं म्हणे, मीटिंगमध्ये कोण चुकला त्याला गमतीत दंड करायचा, ते पैसे क्लबच्या डब्यात. फेब्रुवारीच्या मीटिंगच्या टिपणात तुमच्या नावापुढे दंड 50 रुपये, कारण "सलग दुसऱ्यांदा उशिरा". हसू आलं आणि राग पण आला. कारण त्यातल्या एका उशिराची साक्षीदार माझी आई आहे. फेरतपासणीहून परत येताना गाडी गावच्या फाट्यापर्यंतच सोडणार होती, पण एका म्हाताऱ्या आजींची वस्ती आत मळ्यात, अंधार पडलेला, तर तुम्ही गाडी आत घ्यायला लावलीत, ओढ्यापाशी गाडी जाईना तर उतरून त्यांचा हात धरून चालत गेलात. आई आणि बाकीचे गाडीत अर्धा तास बसून. त्या दिवशी संध्याकाळी तुमची मीटिंग होती हे आम्हाला कुठे माहीत! टेल ट्विस्टर साहेब, ते 50 रुपये मी भरते, त्यांचे परत करा.

शेवटच्या पानावर क्लबचा इतिहास होता तोही वाचला, एरवी मी असलं वाचत नाही. मेल्विन जोन्स नावाच्या शिकागोच्या विमा धंद्यातल्या माणसाने 1917 साली हे सुरू केलं, आणि 1925 ला हेलन केलर ओहायोतल्या सिडार पॉइंटच्या अधिवेशनात येऊन म्हणाल्या की तुम्ही आंधळ्यांसाठी लढणारे शिलेदार व्हा, तेव्हापासून डोळ्यांचं काम. जिला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं तिने त्या कोटवाल्यांना कामाला लावलं, हे मला फार आवडलं. त्याच पानावर हेही होतं की बायकांना मेंबर व्हायला 1987 उजाडलं. सत्तर वर्षं! आणि तुमच्या ग्रुप फोटोत अजूनही बायका मोजून तीन, त्याही कडेला. आभाराच्या पत्रात बोलायचं नाही असं थोडंच आहे.

मला कधीकधी वाटतं चांगुलपणा म्हणजे फार मोठं काहीतरी असतं अशी आपली समजूत करून दिलीय कुणीतरी. चेक द्यायचा, कोनशिला बसवायची, नाव कोरायचं. ऑपरेशन मिरजेच्या डॉक्टरांनी केलं, त्यांचे उपकार आहेतच, गाडीचा, जेवणाचा खर्च क्लबने केला, त्याचेही. पण आईला माणूस म्हणून कुणी वागवलं हे जर तिला विचारलं तर ती चपलांचंच सांगते. शेडवर सांगते, दळणाला गेली की गिरणीत सांगते, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला सांगते. तुम्ही तिच्याकडे "रुग्ण क्रमांक 14" म्हणून बघत असतात तर नंबर कपाळावर पुरेसा होता, चपलेवर कशाला लावला असतात?

आता मुद्द्याचं. जूनच्या मीटिंगचं आमंत्रण आलंय. कार्यक्रमपत्रिकेत 10 जूनच्या दृष्टीदान दिनाचा अहवाल, मग दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, मग पुढच्या वर्षाची कमिटी आणि जुलैतल्या पदग्रहणाची तयारी, आणि मध्ये "लाभार्थी मनोगत" म्हणून आईचं नाव टाकलंय. काका, तेवढं काढा. आई स्टेजवर येणार नाही, मला सांगितलंय तिने, जबरदस्ती केलीत तर चहा घेऊन मागच्या दाराने जाईन म्हणून. आणि तो लाभार्थी शब्द तिला कळला नाही हे बरंच झालं, मला कळतो आणि मला तो टोचतो, त्या तारेसारखा. तुमच्या मनात तसं काही नसणार, छापील नमुना असेल, पण बदला.

मीटिंगला मात्र ती येणार आहे. सप्टेंबरच्या शिबिरात दुसऱ्या डोळ्यासाठी नाव द्यायचंय, आणि मरणोत्तर नेत्रदानाचा फॉर्म भरायचाय. फॉर्मचं तिचं तिने ठरवलं, मी काही बोलले नाही. फक्त मला विचारत होती की लेन्स बसवलेला डोळा चालतो का त्यांना. मी नेटवर बघितलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनाही नेत्रदान करता येतं, बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, घेतात ते. "मग ठीक हाय," म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

मागच्या रांगेत बसेल, हिरवं लुगडं, हातात पिशवी. पिशवीत एक किलो बेदाणा आहे. मार्चपासून ती परत निवडायला बसते, मुकादमाने स्वतः बोलावून घेतलं. हा बेदाणा तिने तुमच्यासाठी वेगळा काढलाय, मुकादमाला पैसे मोजून, आणि रात्री घरी दिव्याखाली घेऊन पुन्हा एकदा निवडलाय. नको म्हणू नका, आणि सगळ्यांसमोर उघडू नका. घरी जाऊन ताटात पसरा आणि बघा एखादी काडी सापडते का. सापडली तर मला गुपचूप कळवा, तिला नको.

तुमची,
14 नंबरची मुलगी