पाच प्रश्न आणि एक सही

विकसनशील देशांचे मा. आरोग्यमंत्री आणि मा. शिक्षणमंत्री यांना,

स. न.

पत्र एक आणि पत्ते अनेक, हे जरा विचित्र दिसेल. पण जागतिक एड्स दिनाला आपल्या सगळ्यांच्या देशांत जे होतं ते इतकं सारखं असतं, की वेगवेगळं लिहायची गरज वाटली नाही. लाल फिती, प्रभातफेरी, घोषवाक्यांच्या स्पर्धा आणि संध्याकाळी एक आकडा: इतके लाख तरुण ‘जागृत’ झाले.

जागृत म्हणजे काय, हे मोजायला पाच ठरलेले प्रश्न आहेत. एकनिष्ठ आणि लागण नसलेल्या एकाच जोडीदाराशी संबंध ठेवले तर धोका कमी होतो का? दर वेळी कंडोम वापरला तर? धडधाकट दिसणाऱ्या माणसाला एचआयव्ही असू शकतो का? डास चावून होतो का? बाधित माणसाबरोबर जेवून होतो का? पाचही उत्तरं बरोबर आली तरच पूर्ण ज्ञान आहे असं धरतात. २००१ साली संयुक्त राष्ट्रांच्या विशेष अधिवेशनात सगळ्या देशांनी जाहीरनामा मंजूर केला, की २०१० पर्यंत १५ ते २४ वयाच्या किमान ९५ टक्के तरुणांपर्यंत ही माहिती आणि त्यासोबतच्या सेवा पोहोचतील. ती मुदत संपून दहाएक वर्षं उलटल्यावर, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, भारतात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम २२ टक्के आणि पुरुषांपैकी ३१ टक्के या कसोटीला उतरले. म्हणजे माहितीच्याच पातळीवर आपण नापास आहोत. तरीही माझी तक्रार उत्तीर्ण झालेल्यांच्या बाबतीत जास्त आहे.

पहिला आणि तिसरा प्रश्न शेजारी ठेवून बघा. जोडीदाराला लागण नसावी, असं पहिला म्हणतो. लागण चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, असं तिसरा म्हणतो. मग सोळा वर्षांच्या मुलीनं ती ओळखायची कशी? तपासणी करून, दुसरा मार्गच नाही. आणि तपासणीच्या खोलीत गेल्यावर तिला विचारतात, ‘आईवडलांची सही आणलीस का?’ आपल्यापैकी अनेकांच्या कायद्यात अजून ही अट आहे. जी मुलगी घरी सांगू शकली असती, ती मुळात इतकी घाबरत दवाखान्यात आलीच नसती. दक्षिण आफ्रिकेच्या बालकायद्यानं बाराव्या वर्षापासून स्वतःच्या संमतीनं तपासणी करायची मुभा दिली आहे. तिथे काही आभाळ कोसळलेलं नाही.

नुसतं ज्ञान वाढून काय होतं, याचा धडा टांझानियानं दिला. म्वान्झा भागात १९९९ पासून ‘मेमा क्वा विजाना’ नावाचा मोठा प्रयोग झाला. शाळेत धडे, दवाखान्यात तरुणांशी नीट वागणारे कर्मचारी, कंडोम, सगळं होतं. मुलांचं ज्ञान वाढलं, वागण्यात बदल झाल्याचं त्यांनी स्वतः सांगितलंही. रक्त तपासलं तेव्हा मात्र लागणीत ठोस फरक दिसला नाही. अशा प्रामाणिक निकालाला अपयश म्हणून फाईलबंद करणं सोपं असतं. मला तो या विषयावरचा सर्वात उपयोगी निकाल वाटतो.

कारण त्याच सुमारास शेजारच्या केनियात एक साधी गोष्ट करून पाहिली गेली. पास्कलीन द्युपा या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा तो अभ्यास. सरकारी अभ्यासक्रम ‘लग्नाआधी नकोच’ एवढंच सांगत होता, आणि त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण देऊनही मुलींच्या गरोदरपणात घट झाली नाही. काही शाळांत मात्र आठवीच्या वर्गात एका तासिकेत एक छोटी फिल्म दाखवली आणि फळ्यावर किसुमू शहरातलं लागणीचं प्रमाण वयानुसार, स्त्री-पुरुषांनुसार लिहून दाखवलं. भेटवस्तू देणारे थोराड पुरुष वर्गातल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचे आहेत, हे मुलींनी फळ्यावर वाचलं. त्या शाळांत गरोदरपणाचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. उपदेश कुणी केला नाही. धोका कुठे जास्त आहे तेवढं सांगितलं, निवड मुलींनी केली. आपल्या पाच प्रश्नांत जोडीदाराच्या वयाबद्दल चकार शब्द नाही.

अर्थात ज्या मुलीची शाळेची फी तोच थोराड माणूस भरतो, तिच्यापुढे फळ्यावरचे आकडे काय करणार? म्हणून शिक्षणमंत्र्यांनाही हे पत्र आहे. मलावीत शाळकरी मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना दरमहा थोडे पैसे दिले, तर दीड वर्षानं त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण १.२ टक्के आढळलं. पैसे न मिळालेल्यांत ते ३ टक्के होतं. बोट्स्वानात माध्यमिक शाळेचं एक जादा वर्ष पदरात पडलेल्या पिढीत लागण स्पष्टपणे कमी दिसली. शाळेतून मुलगी गळू न देणं, हेही एड्स नियंत्रणाच्याच खात्यात लिहायला हवं.

आता लागण टाळणारी औषधंही आली आहेत. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात १६ ते २५ वर्षांच्या मुलींवर लेनाकापाविर या इंजेक्शनची चाचणी झाली; वर्षाला दोनच इंजेक्शनं. २०२४ मध्ये निकाल आला तेव्हा ते घेतलेल्या दोन हजारांहून अधिक जणींपैकी एकीलाही लागण झालेली नव्हती. हे इंजेक्शन आपण विकत घ्यालच, फोटोही निघतील. पण ते देण्याआधी एचआयव्हीची तपासणी करावीच लागते. म्हणजे पुन्हा तीच खोली आणि तीच सही.

तेव्हा पुढच्या अधिवेशनात तपासणीच्या संमतीचं वय खाली आणा. पाठ्यपुस्तकात जोडीदाराच्या वयाचा धोका आकड्यांसह छापा. दवाखान्याची तरुणांसाठीची वेळ शाळा सुटल्यानंतरची ठेवा. त्याला कायदाही लागत नाही, एका ओळीचा आदेश पुरतो.

कळावे,
एक नागरिक