त्या दहा मिनिटांबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ रात्री दोन वाजता संपवलीस आणि पुढचा तासभर धुमसत बसलास, हे वाचलं आणि मला राहवेना. अगाथा ख्रिस्तीनं तुला चक्क गंडवलं, असं तुझं म्हणणं. आपण दोघांनीही कादंबरी वाचली आहे म्हणून मोकळेपणानं लिहितो. पण हे पत्र न वाचलेल्या कुणाच्या हाती पडू देऊ नकोस, त्याच्या आनंदावर विरजण पडेल.

गोष्ट सांगणारे डॉक्टर शेपर्डच शेवटी खुनी निघतात, यावर तुझ्यासारखे चिडलेले वाचक पहिल्यापासूनचे आहेत. कादंबरी आली १९२६ साली. पुढच्याच वर्षी व्हॅन डाइन या अमेरिकन रहस्यकथाकारानं, ही युक्ती काही रास्त म्हणता येत नाही, असं लिहिलं. इंग्लिश रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सनं १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले. त्यातला पहिलाच असा, की ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळू दिलेत तो गुन्हेगार निघता कामा नये. आणि लगेच त्यानंच कबूल केलं, की ख्रिस्तीबाईंच्या करामतींमुळे हा नियम नेमका मांडणं कठीण झालं आहे! रहस्यकथा लिहिणारी डोरोथी सेयर्स मात्र बाईंच्या बाजूनं उभी राहिली. संशय सगळ्यांवर घ्यायचा, ते वाचकाचंच काम, असं तिचं मत.

मी सेयर्सच्या बाजूचा. का, ते सांगतो.

ॲक्रॉइडच्या अभ्यासिकेतला तो प्रसंग पुन्हा काढ. ॲक्रॉइडच्या नावाचं पत्र आत येतं तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी आहेत. डॉक्टर शेपर्ड खोलीबाहेर पडतात तेव्हा नऊला दहा कमी. पत्र तसंच न वाचलेलं. दाराच्या मुठीवर हात ठेवून ते क्षणभर थबकतात, मागे वळून बघतात, काही करायचं राहून तर गेलं नाही ना, असं मनाशी म्हणतात. मग बंगल्याच्या फाटकातून बाहेर पडताना चर्चच्या घड्याळात नऊचे ठोके. दारापासून फाटकापर्यंत पाच मिनिटांची वाट, आणि त्यांना लागली दहा. हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर लिहिलेलं आहे रे! एकही वाक्य खोटं नाही. दोन वाक्यांच्या मध्ये एक माणूस मेला आणि आपण सरळ पुढे वाचत गेलो. पहिल्या वेळी मीही गेलो. दुसऱ्यांदा त्या ओळीपाशी आलो तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला, पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

खोटं बोलून फसवणाऱ्या कादंबऱ्या मी भरपूर वाचल्यात. शेवटच्या प्रकरणात जुळा भाऊ उगवतो, नाहीतर आधी कधी न सांगितलेलं मृत्युपत्र निघतं. त्या दुसऱ्यांदा हातात धरवत नाहीत. ही मी चारदा वाचली.

तरीही तुझ्या रागाचं मूळ मला कळतं. गुप्तहेर पायरोच्या पहिल्या दोन कादंबऱ्या त्याच्या मित्रानं, हेस्टिंग्जनं सांगितल्या. तो भाबडा, पण मनानं निर्मळ. इथे तो अर्जेंटिनात आहे आणि त्याच्या जागी गावचा डॉक्टर येतो, शेजारी पायरो भोपळे पिकवत बसलाय. आपण सवयीनं हेस्टिंग्जवरचा विश्वास जसाच्या तसा या नव्या माणसाच्या पदरात टाकतो. तो विश्वास मोडला याचंच तुला दुःख झालं, असं मला वाटतं. कोडं सुटलं नाही म्हणून माणूस रात्री तीनपर्यंत जागा राहत नाही. तो डॉक्टर तुला आवडला होता ना? मलाही आवडला होता.

आमच्या हिला अर्ध्यातच संशय आला होता. ‘हा माणूस स्वतःबद्दल फार कमी सांगतो,’ एवढंच म्हणाली, आणि पुढचं सगळं तिनं दुप्पट मजेनं वाचलं. आईला खुनी कोण याच्याशी कर्तव्यच नव्हतं. तिचा जीव कॅरोलाइनवर जडला. घराबाहेर पाऊल न टाकता दूधवाल्याकडून आणि मोलकरणीकडून साऱ्या गावाची खबर ठेवणारी डॉक्टरांची ती मोठी बहीण. भावाला दारातच विचारते आणि त्याच्या आधी तिलाच सगळं ठाऊक असतं! शेवटी डॉक्टरांना एकच काळजी लागते, बहिणीला हे कळू नये. तिथे आईचे डोळे भरून आले. खुद्द ख्रिस्तीबाईंचीही कॅरोलाइन लाडकी. त्यांची दुसरी गुप्तहेर, म्हातारी मिस मार्पल, बहुधा तिच्यातूनच सुचली असावी, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय. १९२८ मध्ये या कादंबरीचं नाटक झालं तेव्हा कॅरोलाइनला काढून एक तरुण मुलगी घातली, ते बाईंना मुळीच रुचलं नाही. कसं रुचेल? आणि गंमत म्हणजे पियेर बायार या फ्रेंच प्राध्यापकानं १९९८ मध्ये अख्खं पुस्तक लिहून पायरोचा निष्कर्षच चुकला असं मांडलं, खुनाचं बोट थेट कॅरोलाइनकडे! आईला हे सांगितलं तर ती माझ्याशी दोन दिवस बोलणार नाही.

डिक्टाफोनचं, म्हणजे त्या आवाज मुद्रित करणाऱ्या यंत्राचं प्रकरण मात्र मला आजही पटत नाही, हे तुझ्याजवळ कबूल करतो. नेमक्या वेळी यंत्र सुरू होतं, मेलेल्या माणसाचा आवाज दाराबाहेर ऐकू जातो, आणि कुणालाही शंका येत नाही. तिथे तू म्हणतोस तशी ओढाताण झाली आहे. पण एवढ्यावरून पुस्तक मोडीत काढायचं? ब्रिटनमधल्या रहस्यकथालेखकांच्या संघटनेनं २०१३ मध्ये मतदान घेतलं तेव्हा आजवरची सर्वोत्तम गुन्हेकथा म्हणून हिचीच निवड झाली. लेखकांची मतं आहेत ती, आपल्यावर बंधन नाही. पण रहस्य रचायला काय कष्ट पडतात ते ज्यांना रोज भोगावं लागतं, त्यांचं हे मत आहे.

सोबत माझी प्रत पाठवतोय. चौथ्या प्रकरणात एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे, मुद्दाम पुसली नाही. सावकाश वाच, सलग नको. रेघेशेजारचा समास मोकळा आहे, तिथे तुला जे वाटेल ते लिही, अगदी शिवी लिहिलीस तरी चालेल, आणि प्रत परत पाठव.

तुझाच,
मित्र